काच निवेपर्यंत

९ जानेवारी, शुक्रवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. भावोजींना कचेरीतून मिळाली होती आणि कोरीच पडून होती. तारखा चालतात, वार चुकतात. म्हणून आधी बसून मार्चअखेरपर्यंतचे सगळे वार खोडले आणि बरोबर लिहिले. ताई बघत होती. म्हणाली, "अजून एक ओळ लिहिली नाहीस आणि खोडाखोड झालीसुद्धा."

डायरी तिनेच माझ्यापुढे ठेवली. जेवताना मी कामाच्या काळज्या सांगत बसतो आणि तिच्या घशाखाली घास उतरत नाही, असं तिचं म्हणणं. यापुढे काळज्या कागदाला सांगायच्या, ताटावर फक्त जेवायचं.

तर आजची काळजी.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. नववीत शाळा सुटली तेव्हापासून इथंच आहे. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. पुढच्या बाजूला चष्मे. मागच्या खोलीत काका दुर्बिणीचे आरसे घडवतात. ताटाएवढी जाड काचेची चकती घ्यायची, घासून घासून मध्ये किंचित खोलगट करायची आणि शेवटी तिच्यावर चांदी चढवायची. त्या खोलीत मी आजवर धुण्यापुसण्यापुरताच गेलोय.

आज शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. शाळेच्या गच्चीवर दुर्बिणीसाठी छोटा घुमट बांधून झालाय. नळी आली, तिचा खांब आला, आरसा आमच्याकडून जायचा आहे. मार्चच्या मध्यापर्यंत शनी संध्याकाळी पश्चिमेला दिसतो. मग तो सूर्याच्या उजेडात बुडतो आणि पुढे कित्येक महिने संध्याकाळचा दिसत नाही. बाई म्हणाल्या, नसेल जमत तर घाई नको, मुलांना पुढच्या खेपेला दाखवू.

"नाही," काका म्हणाले. "याच खेपेला."

इतकं ठाम म्हणाले की बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

त्या गेल्यावर काकांनी मला सांगितलं, की हा आरसा मी करायचा. मला वाटलं, चेष्टा करताहेत. काच एकच आहे. बिघडली तर दुसरी मागवून घासेपर्यंत शनी गेलेला असेल. मी विचारलं, मग तुम्ही काय करणार? म्हणाले, "मी आहे की. बसलेला असेन बाजूला."

चष्म्यांचं कामही माझ्याकडेच राहणार. एका माणसाने दोन्ही कसं उरकायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

११ जानेवारी, रविवार

सुट्टी. वेळापत्रक केलं. चष्म्यांना निळी पेन्सिल, आरशाला लाल, झाडलोट आणि हिशेब हिरव्यात, घरची कामं काळ्यात. पाव-पाव तासाचे चौकोन पाडले. एकही चौकोन रिकामा ठेवला नाही.

ताईने माझं नाव मिनिटकाटा ठेवलंय. भावोजी बराच वेळ त्या कागदाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "यात शिंकायचं कधी?" मी म्हटलं, थट्टा नको. पण अंथरुणावर पडल्यावर विचार केला तर खरोखरच कुठे जागा नाही. म्हणजे चांगलंच झालंय.

१५ जानेवारी, गुरुवार

काच घासणं म्हणजे उभ्या पिंपावर दोन चकत्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये ओली भरड पूड टाकायची, आणि वरची पुढे-मागे करत करत पिंपाभोवती आपण फिरायचं. वरची आपोआप खोलगट होत जाते, खालची फुगीर. यात कारागिरी कुठंय ते मला पहिले दोन दिवस कळेना. दोन काचा आंधळ्यासारख्या एकमेकींना घासतात आणि त्यातून गोलाई येते. ती आणतं कोण? काकांना विचारलं तर म्हणाले, "तू नाही आणत, एवढं ध्यानात ठेव."

पूड बदलायची, म्हणजे भरड संपवून बारीक घ्यायची, तेव्हा सगळं धुवायचं. भरड पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी काचेवर चरा पडतो. मी पिंप धुतलं, फरशी धुतली, दिव्याची दोरी पुसली, नखं कापली, डोकं धुतलं, सदरा बदलला. काकूंनी विचारलं, "कुणाच्या लग्नाला निघालास?" पण काका म्हणाले, धुण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. ते वाक्य मी दिवसभर पुरवून पुरवून आठवलं.

२८ जानेवारी, बुधवार

घासणं संपलं, पॉलिश सुरू. खालच्या चकतीवर डांबरासारखी काळी राळ ओततात, ती थिजली की तिच्यावर गुलाबी पूड कालवून काच फिरवतात. त्याआधी काच नुसती राळेवर ठेवून वर वजन द्यायचं आणि दोघींचा आकार जुळेपर्यंत थांबायचं. हे थांबणं माझ्या वेळापत्रकात नव्हतं. तेवढ्यात मी पुढे जाऊन चष्म्याच्या काचा कापतो. अर्धं लक्ष मागे असतं.

आज एक काच तीनदा मापून मग कापली. ताईला सांगितलं नाही, इथे लिहिलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज जे बघितलं ते कसं लिहावं?

काच चमकायला लागली होती. काकांनी मला पहिल्यांदा पातं लावायला शिकवलं. मागच्या खोलीच्या एका टोकाला काच उभी करायची. दुसऱ्या टोकाला सुईच्या भोकातून येणारा दिवा. त्याचा उजेड काचेवरून परत येतो तिथे डोळा लावायचा आणि दाढीच्या पात्याने तो उजेड हळूहळू कापत आणायचा. बस्स, एवढंच.

पातं आत आलं आणि काच काच राहिली नाही. समोर करड्या रंगाचा चंद्र टांगला होता. त्यावर एका अंगाने ऊन पडल्यासारखं दिसत होतं. उतार होते, सपाटी होती. हाताला आणि साध्या डोळ्याला ती काच पाण्यासारखी गुळगुळीत लागते. केसाची जाडी हजार ठिकाणी चिरली तर एक चीर जेवढी होईल, तेवढे हे उंचसखल भाग. एक पातं आणि एक दिवा, आणि ते डोंगराएवढे दिसतात.

काका म्हणाले, "आता काचेवर अंगठा टेकव. दाबू नकोस, नुसता ठेव. ये परत."

मी टेकवला आणि परत येऊन डोळा लावला. जिथे अंगठा होता तिथे टेकडी उभी राहिली होती. खरी टेकडी, तिला सावली होती. माझ्या अंगाच्या उबेने काच फुगली होती. मी बघत होतो आणि ती सावकाश, फार सावकाश, खाली बसत होती. आपण एखाद्या वस्तूला नुसता हात लावतो तेव्हा तिच्यात केवढी उलथापालथ होते, हे कोणी मला आजवर सांगितलं नव्हतं.

काका मागे उभे होते. "गेली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडी उरलीय. पुन्हा विचारलं. थोडी. शेवटी मी म्हटलं, गेली. तेव्हा ते खुर्चीत बसले.

घरी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे काच तुझ्यासारखीच म्हण की. कोणी बोट लावलं की फुगते."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

इथली पद्धत अशी आहे. पात्याजवळ जो बघतो त्याने बघायचं ते मोठ्याने बोलायचं. दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवून फळ्यावर खडूने ते काढायचं. मग बघणाऱ्याने फळा बघून सांगायचं, की बरोबर आलंय का. बघणाऱ्याला जे बघायची इच्छा असते तेच दिसतं, पण बोलायला लागलं की खोटं अडखळतं, असं काका म्हणतात.

काकू आज म्हणाल्या, इतकी वर्षं हे बघायचे आणि मी काढायची. आता मी बोलतो आणि काका काढतात. मला शिकवायचं म्हणून उलटं केलं असणार. फार कसून शिकवतात. मी नुसतं "मध्ये उंच आहे" म्हटलं तर चालत नाही. किती उंच, कडा कशी, बशी पालथी घातल्यासारखी की वाटी? स्वतः एकदाही डोळा लावत नाहीत. फळ्यावर मात्र हातभर मोठं काढतात, जाड खडूने.

त्यांची एक सवय मला खटकते. बोलताना ते माझ्याकडे सरळ बघत नाहीत, माझ्या कानापलीकडे बघतात. आज धीर करून विचारलं. म्हणाले, आकाश बघणाऱ्याची सवय आहे ती. अंधूक तारा सरळ बघितला तर नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं की दिसतो. मी गच्चीत जाऊन करून बघितलं. अगदी खरं आहे! मग मला माझ्या मनातल्या रागाची लाज वाटली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट दिवस. एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. त्या तासाभरात परत आल्या. म्हणाल्या, "अहो, जिना माझ्या अंगावर येतोय." काका आतून हसले. मला हसू आलं नाही. मी चष्म्याच्या चौकोनात आरशाचा विचार करत होतो आणि आरशाच्या चौकोनात चष्म्याचा.

काकांनी चहा ओतला तो कपाच्या शेजारी, टेबलावर. टेबल डुगडुगतं, उद्या पायाखाली पुठ्ठा घालतो. हेही वेळापत्रकात लिहिलं, पण जागा नव्हती म्हणून समासात.

काका हल्ली गिऱ्हाइकाला पायरीवरच ओळखतात, नुसत्या पावलांवरून. म्हातारपणी माणसं जास्त लक्ष देऊन ऐकत असावीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काका आणि काकू मोठ्या दवाखान्यात तपासणीला गेलेत, परवा येतील. काकूंचे गुडघे दुखतात, त्यासाठी असेल. जाताना काकांनी सांगितलं, "एकदा घास आणि ठेवून दे. मी आल्यावर बघू."

पण आरसा आता अगदी जवळ आलाय. मध्ये एक उंचवटा उरलाय, बाकी सगळं जमलं. मी ठरवलं, काका येतील तेव्हा काम संपलेलं असेल. पॉलिश केलं, लगेच काच उभी केली आणि पातं लावलं. उंचवटा होताच. पुन्हा मध्यावर पॉलिश केलं. पातं. अजून होताच. पुन्हा. चष्म्याच्या गिऱ्हाइकांना परवा या म्हटलं. दिवसभरात वेळापत्रकातला एक चौकोन वाया गेला नाही. दुकान बंद करताना उंचवटा जवळजवळ गेला होता. इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी जाऊन पातं लावलं.

मध्ये खड्डा आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काल दुसरं काही लिहवलं नाही. दिवसभर काचेला हात लावला नाही. ताईने दोनदा विचारलं, काय झालं. पोट बिघडलंय म्हटलं.

आज काका आले. येताना त्यांनी काकूंचा दंड धरला होता. मला वाटलं, काकूंना आधार देताहेत. मी दारातच सगळं सांगून टाकलं. मनात ठरवलेलं वाक्य वेगळं होतं, बाहेर आलं ते असं, की शनी माझ्यामुळे गेला.

ते म्हणाले, "शनी आहे तिथंच आहे. पातं लाव. सांग."

मी सांगत गेलो, ते काढत गेले. खड्डा किती रुंद, कडा किती उभी. फळ्यावर आला तो खड्डा हुबेहूब होता. मग त्यांनी विचारलं, की पॉलिश झाल्यावर किती थांबून बघितलंस? मी म्हटलं, थांबलोच नाही.

"तो उंचवटा नव्हताच," ते म्हणाले. "पहिल्या खेपेला होता तेवढा गेला. नंतर जो दिसत होता तो तुझ्या हाताचा आणि घासण्याचा ताप. काच तापात बडबडत होती आणि तू ती जबानी म्हणून लिहून घेतलीस."

मला अंगठ्याची टेकडी आठवली. मी ती माझ्या डोळ्यांनी उभी राहताना आणि बसताना बघितली होती. आणि तरीही.

मग ते म्हणाले, "ते तुझं वेळापत्रक आण. वाच."

मला वाटलं, लाजवण्यासाठी मोठ्याने वाचायला लावताहेत. वाचलं. सकाळपासून रात्रीपर्यंत, चारही रंग. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे तुझं झालं, राजे. काचेचं कुठंय?"

एवढ्या चौकोनांत काच निवण्याचा एकही चौकोन नव्हता.

त्यांनी सांगितलं, की खड्डा भरता येत नाही. त्याच्याभोवतीची सगळी जमीन तेवढी खाली आणावी लागते. मी विचारलं, वेळ आहे का? आहे, पण वाया घालवायला नाही. आणि घाईत जातो तेवढा वेळ दुसऱ्या कशात जात नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नवा कागद. एकच रंग, साधी पेन्सिल.

सकाळी पहिलं काम, पातं लावायचं. रात्रभर काच, खोली, हवा सगळं एकाच गारव्यात आलेलं असतं. काच खरं बोलते ती तेव्हाच. दिवसातून तिला प्रश्न एकच. मग ती राळेवर वजनाखाली ठेवायची आणि पुढे जाऊन चष्मे. मग थोडंसं पॉलिश, ठरवलं तेवढंच. मग काच मांडणीत ठेवून द्यायची. त्यानंतर उद्यापर्यंत आरशाचा विचार करून उपयोगच नाही, कारण करण्यासारखं काही नसतं.

काका म्हणाले, "आणि तेव्हा काळजीही करायची नाही. तिलाही निवू दे."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

खड्डा कालपेक्षा उथळ. फरक इतका थोडा, की बोलल्याशिवाय मलाही कळला नसता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

विचित्र गोष्ट झालीय. चष्म्यांची कामं तुंबलेली नाहीत. आधी मी सगळ्यांना "दुपारी या" म्हणायचो आणि दुपारी सगळे एकदम उभे राहायचे. आता परवाचं सांगतो आणि उद्याच तयार असतो. ज्या बाईंच्या अंगावर जिना येत होता त्या आज दुसरी चौकट करायला आल्या. मी त्यांच्या चष्म्याच्या वेळी फक्त त्यांचा चष्मा बघत होतो.

ताईने आज ताट वाढताना माझ्याकडे निरखून बघितलं आणि भावोजींना म्हणाली, "बघा हो, मिनिटकाट्याने दुसऱ्यांदा भात मागितला."

चौकोन कमी झाले आणि दिवस मोठा झाला. हे मला समजत नाही, पण रोज होतंय. रोज सकाळी पातं लावायला मी धावत जातो. आता ती भीती नाही. त्या करड्या चंद्राची जमीन माझ्यासमोर रोज थोडी थोडी सपाट होते आहे, कोणीतरी रात्री येऊन नांगर फिरवून जावं तशी, आणि मी दिवसातला जेमतेम अर्धा तास तिच्यावर काम करतो.

४ मार्च, बुधवार

काका थकलेत. आज फळ्यावर काढताना खडू फळ्याच्या बाहेर गेला, भिंतीवर. त्यांना कळलं नाही. मी नंतर पुसून टाकलं. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी मला पुसताना बघितलं आणि आत निघून गेल्या.

शाळेच्या बाई येऊन गेल्या. शनी रोज खाली सरकतोय, म्हणाल्या. दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "लोक शनीपासून पळतात आणि तुम्ही त्याच्या मागे लागलात." सगळे हसले. काका म्हणाले, "मागे लागलोय खरा. गाठायचाय."

७ मार्च, शनिवार

खड्डा गेला.

मी सांगत होतो, "मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा उतार. कुठे अडखळत नाही." काकांनी फळ्यावर एका दमात रेष ओढली आणि विचारलं, अशी? मी म्हटलं, अशीच. त्यांनी खडू खाली ठेवला.

९ मार्च, सोमवार

चांदी चढवली. पांढरं पाणी काचेवर ओतलं, ते बघता बघता तपकिरी झालं, मग नाल्याच्या पाण्यासारखं काळं. माझा धीर सुटत चालला होता. काका म्हणाले, ढवळत राहा, घाबरू नकोस. आणि त्या घाणीतून, खालून, छत वर आलं. दिवा आला. मग मी आलो. गढूळ पाणी ओतून दिलं तर खाली इतकं स्वच्छ काही होतं की मी हात मागे घेतला.

काका आरशावर वाकले, अगदी जवळ, आणि मान एका बाजूला केली.

"चेहरा दिसतो का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुमचा की माझा?"

"कुणाचाही."

मी म्हटलं, दोघांचे दिसतात.

१३ मार्च, शुक्रवार

आत्ता घरी आलो. ताई म्हणाली, झोप, उद्या लिही. पण हे उद्यावर टाकण्यासारखं नाही.

दुपारीच आरसा नळीत बसवला होता. घुमटात धूळ जाऊ नये म्हणून बाईंनी तो बंद करून घेतला आणि कुलूप लावलं. मला तेव्हा सुचायला हवं होतं. सूर्य मावळल्यावर सगळे गच्चीवर जमलो. मुलांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. ताई आली होती, काकू काकांना धरून आल्या होत्या. घुमट उघडला तर आतून भट्टीसारखी ऊब बाहेर आली.

बाईंनी दुर्बिणीत शनी धरला. पश्चिमेला, झाडांच्या थोडा वर. त्या बघून बाजूला झाल्या. मग मी बघितलं. पिवळा फेसाळ गोळा, उकळत असलेला. कडी नाही, काही नाही. रांगेत कुजबूज सुरू झाली. एक शिक्षक हळूच बाईंना म्हणाले, की आरसा मोठ्या कारखान्यातून मागवायला हवा होता. बाई म्हणाल्या, शनी खाली चाललाय, जे दिसतंय ते तरी मुलांना दाखवून घेऊ.

डोक्यात एकदम वीस कामं उभी राहिली: आरसा सैल करू, नळी हलवू, स्क्रू फिरवू. आणि मग अंगठ्याची टेकडी आठवली.

मी म्हटलं, "बाई, थांबायचं."

"अरे, तो मावळतोय."

"मावळू दे थोडा. काच दिवसभर भट्टीत होती. निवेपर्यंत ती खरं बोलणार नाही."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. घुमटाची सगळी दारं उघडी केली, सगळ्यांना बाहेर काढलं, दुर्बिणीजवळ कोणी उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं. आणि मग काहीच केलं नाही. मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. शनी झाडांकडे उतरत होता, मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती आणि मी काही करत नव्हतो. याहून अवघड काम मी आजवर केलेलं नाही. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलंही नाही, की किती वेळ. फक्त एकदा म्हणाले, "वारा गार आहे. होईल."

शनी झाडांच्या शेंड्यांना टेकायच्या बेतात आला तेव्हा मी आत गेलो आणि डोळा लावला.

तो तिथं होता.

मी चित्रात बघितलाय. चित्राचा काही संबंध नाही. काळ्या विहिरीत एक फिकट पिवळा मणी टांगलेला, आणि त्याच्याभोवती, त्याला कुठेही न टेकता, कडी. इतकी नेमकी, इतकी शांत, की कोणीतरी आत्ताच ठेवून हात काढून घेतलाय असं वाटलं. आणि तो उजेड माझ्या हाताखालून गेलेल्या काचेवर पडून माझ्या डोळ्यात येत होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पहिला मान काकांचा होता. बाई तसं म्हणाल्या. काकूंनी त्यांना शिडीवर चढवलं. त्यांनी डोळा लावला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. ते फार वेळ तसेच होते.

मग माझ्याकडे न वळता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मधलं काही उरलं नाही रे. कडेला थोडं पिवळं आहे."

मला वाटलं, दुर्बीण हलली. बघायला पुढे झालो आणि काकूंचा चेहरा दिसला. आणि तेव्हा एकेक गोष्ट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चहा. खडू. मोठ्याने वाचायला लावलेलं वेळापत्रक. माझ्या कानापलीकडे बघणं. काकूंचा दंड. याच खेपेला. एवढे दिवस मी केसाच्या हजाराव्या भागाचा उंचवटा बघत होतो आणि शेजारी उभा असलेला माणूस मला दिसला नव्हता.

काका म्हणाले, "सांग."

मग मी सांगितलं. रोज सकाळी सांगायचो तसं. ते शिडीवरून उतरून घुमटाच्या भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि मी त्यांच्या जागी डोळा लावला. मी म्हटलं, मध्ये गोळा आहे, पूर्ण गोल नाही, वरखाली जरा चेपलेला. रंग? जुन्या हस्तिदंताचा. मधोमध एक पुसट तपकिरी पट्टा. कडी? तिरपी. ताट तिरकं धरल्यासारखी. एक की दोन? दोन वाटतात, मध्ये केसासारखी काळी रेघ आहे. ती रेघ सगळीकडून आहे? दोन्ही टोकांना स्पष्ट आहे. ते हसले. म्हणाले, "मग आरसा चांगला आहे."

त्यांचं बोट घुमटाच्या धुळकट भिंतीवर फिरत होतं. आधी गोळा, किंचित चेपलेला. मग कडी, डावीकडून निघून गोळ्याच्या पुढून उजवीकडे, आणि वळून परत. तिथे बोट थांबलं.

"गोळ्याच्या मागे जाते ना इथे?"

मी म्हटलं, "मागे जाते. तेवढी दिसत नाही."

त्यांनी बोट भिंतीवरून उचललं, हवेतून गोळा ओलांडला, आणि पलीकडे बरोबर जागी पुन्हा टेकवलं.

मी फळा तपासतो तशी सगळी आकृती पुन्हा एकदा बघितली आणि म्हटलं, बरोबर आहे.

मग मुलांची रांग सुरू झाली. झाडांमुळे सगळ्यांना दिसला नाही, उरलेल्यांना बाईंनी उद्या बोलावलंय. उद्या घुमट दुपारीच उघडायचा, असं त्यांनी स्वतःहून शिपायाला सांगितलं.

जिना उतरताना काकांनी माझा दंड धरला होता. म्हणाले, "उद्यापासून दुकान तू उघड." मी म्हटलं, काका, रोज मीच उघडतो. ते म्हणाले, "हो, पण उद्यापासून."